‘समाजशास्त्रीय’ म्हणण्याआधी

संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर समाजशास्त्राची ओळख एका ओळीत उरकते: कला शाखेतला सोपा विषय, यूपीएससीला घेण्याजोगा. उरलेल्या पानांवर हाच शब्द विशेषण होऊन येतो. तरुण पिढीविषयी नाराजी व्यक्त केली की ते ‘समाजशास्त्रीय विश्लेषण’ आणि घटस्फोटांवर दोन परिच्छेद लिहिले की ‘समाजशास्त्रीय भाष्य’. आम्ही पुण्यात हा विषय शिकवतो. त्या शब्दामागे एक काम असते: मोजायचे, तुलना करायची आणि आपलेच म्हणणे खोटे ठरू शकेल अशी सोय ठेवायची. हे काम झाले आहे की नाही, हे वाचकाला ओळखता यावे म्हणून हे पत्र. लांबले आहे. काटछाट केली तरी चालेल, आकडे मात्र जसेच्या तसे राहावेत.

सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांपासून सुरुवात करू. एका मुलाची निवड झाली नाही तर कारण त्याच्यात शोधता येते: वाचन कमी पडले, वेळेचे गणित चुकले. पण जागा १० आणि उमेदवार १,००० असतील, तर सगळ्यांनी रोज चौदा तास अभ्यास केला तरी ९९० जण बाहेरच राहणार. अभ्यासाने ते दहा जण कोण हे बदलते, दहाचे अकरा होत नाहीत. ‘कोण’ याचे उत्तर उमेदवाराकडे असते. ‘किती’ याचे उत्तर सरकारी भरतीत, कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नात, खासगी नोकरीच्या बेभरवशात आणि गावाकडे लग्न जमवताना सरकारी नोकरीला आलेल्या मोलात शोधावे लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न असा हा भेद मांडला. दोन्ही खरेच असतात, पण एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. नापास झालेल्या मुलाला प्रेरणादायी व्याख्यान देऊन जागा वाढत नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारामागे मुली ९५० च्या आसपास असायला हव्यात. ही घसरण कोणी सभा घेऊन ठरवली नव्हती. प्रत्येक घराने बंद दाराआड आपापला निर्णय घेतला, तरी लाखो खासगी निर्णय एकाच दिशेला झुकले. यावर हमखास ऐकू येणारे स्पष्टीकरण म्हणजे अडाणीपणा. ते तपासायचे तर जिल्हे शेजारी ठेवावे लागतात. २००१ मध्ये कोल्हापूर ८३९, सांगली ८५१ आणि गडचिरोली ९६६. ऊस, सहकार, दवाखाने आणि शाळा जिथे जास्त, तिथे मुली कमी. अडाणीपणाचे स्पष्टीकरण इथेच गळून पडते. मग शोध दुसरीकडे वळवावा लागतो: सोनोग्राफी यंत्र किती जवळ होते, कुटुंब दोन अपत्यांवर थांबवायचे ठरल्यावर ‘त्यातला एक तरी मुलगा’ हा दबाव किती वाढला, जमिनीची वाटणी आणि हुंडा यांचा हिशेब काय होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशाच्या आधी, कायदा केला होता. तरीही २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत आकडा खालीच गेला.

या रीतीने पाहण्याची सुरुवात कुठून झाली? माणसे एकमेकांना कशाने धरून राहतात, यावर विचार पूर्वीही झाला होता. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘असबिय्या’, म्हणजे टोळीतली एकजूट, आणि राजवंशांचा उदयास्त यांचा संबंध जोडून दाखवला. पण ‘समाजशास्त्र’ या नावाने शास्त्र उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. १७८९ च्या क्रांतीने राजा, चर्च आणि कारागिरांच्या श्रेणी यांची जुनी घडी मोडली आणि माणसे गाव सोडून कारखान्यांकडे निघाली. त्याच सुमारास सरकारे गुन्हे, जन्म, मृत्यू, विवाह यांचे तक्ते नियमित छापू लागली. ही तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा सुटते आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी ते तक्ते चाळले, तेव्हा त्यांना दिसले की गुन्हे करणारी माणसे दरवर्षी वेगळी असली तरी गुन्ह्यांची संख्या जवळजवळ तीच राहते. त्यांनी १८३५ च्या आपल्या ग्रंथात याला सामाजिक भौतिकी म्हटले. फ्रेंच विचारवंत ऑगस्त कॉम्त तोवर हेच नाव वापरत होते. ते आकडेमोडीच्या हाती गेलेले त्यांना रुचले नाही. १८३८ च्या सुमारास त्यांनी लॅटिन ‘सोशियस’, म्हणजे सोबती, आणि ग्रीक ‘लोगोस’ यांची सांगड घालून ‘सोशियोलॉजी’ हे नवे नाव प्रचारात आणले. नाव कॉम्त यांचे टिकले, पण विषयाला आकार आला तो त्यांनी टाळलेल्या मोजणीने.

त्याच १८३८ मध्ये हॅरिएट मार्टिन्यू या इंग्रज लेखिकेचे, परका समाज कसा पाहावा याविषयीचे पुस्तक निघाले. तिचे सांगणे असे की लोक स्वतःबद्दल काय बोलतात एवढ्यावर विसंबू नये. त्यांच्या कबरींवरचे लेख वाचावेत, तुरुंग पाहावेत, गाणी ऐकावीत. पुढे १८५३ मध्ये तिने कॉम्त यांचा ग्रंथ इंग्रजीत संक्षेपाने आणला आणि पाठ्यपुस्तकांनी तिला अनुवादक म्हणूनच लक्षात ठेवले. हा अन्याय आहे.

मोजणीतून सिद्धान्त कसा उभा राहतो याचा नमुना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये दिला. आत्महत्या ही माणसाची सर्वांत खासगी कृती मानली जाते. त्यांनी तीच निवडली. सुमारे २६,००० नोंदी त्यांचे भाचे मार्सेल मोस यांच्या मदतीने वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुले असणे-नसणे अशा गटांत लावल्या. मग प्रमाण काढले ते दर दहा लाख लोकांमागे, नुसत्या संख्येने नव्हे. छेद लावण्याची ही पायरी आपल्याकडे आजही सुटते. ‘कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचे दावे वाढले’ या बातमीत शहराची लोकसंख्या किती वाढली, विवाहित जोडपी किती आणि दाखल दाव्यांपैकी मंजूर किती, हे नसेल तर त्या वाढीतून काहीही सिद्ध होत नाही. दुर्खीम यांना दिसले की कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत प्रमाण जास्त आहे. आर्थिक मंदीत ते वाढते, पण अचानक आलेल्या भरभराटीतही वाढते. कारण त्यांनी गटाच्या बांधणीत शोधले: माणसाला धरून ठेवणारे धागे किती घट्ट, आणि अपेक्षांना लगाम घालणारे नियम शाबूत आहेत की नाहीत. नियम ढिले पडण्याच्या या अवस्थेला आपण प्रमाणकशून्यता म्हणतो.

या अभ्यासातल्या चुकाही शिकवल्या पाहिजेत. एक चूक नोंदींची. जिथे आत्महत्या हे पाप मानले जाते, तिथे मृत्यूचे कारण ‘अपघात’ म्हणून लिहून घेण्याकडे कल असतो, म्हणजे कॅथलिकांचा आकडा मुळातच कमी नोंदला गेलेला असू शकतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे: प्रदेशाचा आकडा पाहून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढणे. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये ती उघडी केली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचे उणे एक ते अधिक एक यांमधले माप) उणे ०.५३. पण व्यक्ती म्हणून पाहिले तर परदेशात जन्मलेलेच किंचित जास्त निरक्षर होते. सहसंबंध अधिक ०.१२. चिन्हच उलटले, कारण स्थलांतरित ज्या राज्यांत वसले तिथले स्थानिक लोक आधीच साक्षर होते. आता वरचे कोल्हापूरचे उदाहरण पुन्हा वाचावे. जिल्हा सधन आणि मुली कमी, एवढेच त्या आकड्यावरून कळते. सधन घरांनीच मुली नाकारल्या असे त्यावरून म्हणता येत नाही. त्यासाठी घरनिहाय माहिती लागते.

मार्क्स आणि वेबर यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचे ते पुण्यात. पाठ्यपुस्तकातली कॉम्त यांच्यापासूनची ओळ वाचून विद्यार्थ्याला वाटते की हा विषय बोटीने आला. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन पाहा. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेकडून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असा हिशेब त्यात आहे. त्याच आधारावर वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी आहे. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो, हा प्रश्न निव्वळ समाजशास्त्राचा आहे. त्याच वर्षी पुण्यात ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येच्या खटल्याचे आणि त्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर झालेल्या टीकेचे. लोक एका बाईच्या चारित्र्याबद्दल बोलत होते. ताराबाईंनी विचारले की पुनर्विवाहाला बंदी कोणी केली आणि त्याच गुन्ह्यातला पुरुष कुठे आहे. मिल्स यांचा भेद त्यांच्याआधी सत्त्याहत्तर वर्षे इथे वापरला गेला होता, फक्त त्याला नाव नव्हते.

आणि डॉ. आंबेडकर. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातीच्या उगमावर निबंध वाचला. जातीचे मर्म त्यांनी अंतर्विवाहात शोधले. (विद्यार्थी इथे नेहमी गोंधळतात: अंतर्विवाह म्हणजे गटाच्या आतच लग्न, ‘आंतरजातीय’च्या नेमके उलट.) त्यांची मांडणी एखाद्या गणितासारखी आहे. गट बंद ठेवायचा तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष समसमान हवेत. पण नवरा आधी गेला की बायको ‘जादा’ उरते, आणि बायको आधी गेली की नवरा. जादा स्त्री गटाबाहेर लग्न करील तर गट फुटतो, गटात करील तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा वर जातो. म्हणून सती, नाहीतर सक्तीचे वैधव्य. जादा पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो गटाला हवा असतो. संन्यासी करून ठेवणेही अवघड. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून वधू आणायची, म्हणजे बालविवाह. सती, वैधव्य आणि बालविवाह या वेगवेगळ्या ‘कुप्रथा’ म्हणून पाठ केल्या जात होत्या. या निबंधाने त्या एकाच यंत्राचे तीन भाग म्हणून दाखवल्या. समाजशास्त्रीय स्पष्टीकरण कशाला म्हणावे, असे कोणी विचारले तर आम्ही आधी हा निबंध हातात देतो.

मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग सुरू झाला तो १९१९ मध्ये, पॅट्रिक गेडिस यांच्यासोबत. त्यानंतर मालवणचे गो. स. घुर्ये यांनी विभाग वाढवला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या. एकच धंदा करणाऱ्या, एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात, उदाहरणार्थ कुंभारांत, आपसांत लग्न न करणाऱ्या अनेक जाती असतात आणि त्या एका मूळ जातीच्या फुटीतून निघालेल्या असतीलच असे नाही, हे त्यांनी शरीरमापने आणि नातेसंबंध दोन्हींच्या आधारे मांडले. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. १९५६ मध्ये त्याच शहराची फेरपाहणी छापली गेली. फेरपाहणी ही फार मोलाची गोष्ट आहे. एकदा केलेली पाहणी म्हणजे छायाचित्र. बदल सांगायचा तर तोच प्रश्न, तीच व्याख्या, तीच निवडपद्धत घेऊन पुन्हा जावे लागते. ‘पूर्वीचे पुणे राहिले नाही’ असे लिहिणाऱ्याने त्याआधी हे तिन्ही ग्रंथ उघडावेत, ही विनंती.

आता प्रत्यक्ष काम. पदवीच्या विद्यार्थ्यांना खर्चाशिवाय करता येईल असा अभ्यास आपल्या रविवारच्या अंकातच आहे: वधू-वर विषयक छोट्या जाहिराती. सलग चार रविवार घेऊ नयेत. चातुर्मासात जाहिराती कमी असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर वाढतात, म्हणून वर्षभरातला दर महिन्याचा एक रविवार, तोही चिठ्ठी टाकून, असे बारा अंक घ्यावेत. तीच जाहिरात अनेकदा येते. फोन क्रमांकावरून ती ओळखून एकदाच मोजावी आणि मग क्रमांक तक्त्यातून पुसून टाकावा. ती कोणाच्या घरची खासगी माहिती आहे. तक्त्यात रकाने करावेत: जाहिरात कोणाची, वधूची की वराची, वर्तमानपत्राने कोणत्या जातीच्या मथळ्याखाली छापली, वय, उंची, रंगाचा उल्लेख, पत्रिका, पगार, पुण्यात स्वतःचा फ्लॅट.

खरी कसोटी जातीच्या अटीच्या रकान्यात लागते. ‘अट आहे’ आणि ‘अट नाही’ असे दोनच कप्पे केले की तक्ता खोटा होतो. ‘जातीची अट नाही’ या शब्दांनंतर पुष्कळदा ‘एससी, एसटी क्षमस्व’ असे शब्द येतात. ही जाहिरात ‘अट नाही’मध्ये टाकली तर शहर आहे त्यापेक्षा उदार दिसेल. म्हणून कप्पे पाच हवेत: फक्त पोटजात, फक्त जात, नावे दिलेल्या काही जाती, काही वगळून सर्व, आणि खरोखर अट नाही. चौथा कप्पा हाच या अभ्यासाचा गाभा आहे. आंबेडकरांनी वर्णन केलेले दार कोणत्या बाजूने उघडले आणि कोणत्या बाजूने बंदच राहिले, हे तिथे दिसते.

नोंदणी दोघांनी वेगवेगळी करावी आणि पहिल्या पन्नास जाहिराती जुळवून पाहाव्यात. ८० टक्के एकमत ऐकायला चांगले वाटते, पण हो-नाहीच्या रकान्यात दोघेही शेकडा ९० वेळा ‘हो’ लिहीत असतील तर डोळे मिटून लिहिले तरी ८२ टक्के जुळते: ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१. यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला ‘कॅपा’ (ग्रीक अक्षराचे नाव, वरच्या कप्प्यांशी संबंध नाही) हा गुणांक काढावा. तो योगायोगाने होणारे एकमत वजा करतो. तो कमी आला तर दोष नोंदणाऱ्यांचा नसतो, बहुधा व्याख्या ढिली असते. निष्कर्षाची मर्यादाही आधीच लिहून ठेवावी. जाहिरात म्हणजे लग्न नव्हे. ज्यांची स्थळे नात्यागोत्यातून किंवा विवाहसंस्थांच्या संकेतस्थळांवर जुळतात ते इथे नसतात, आणि जाहिरात मुलीने लिहिली की तिच्या वडिलांनी हे कळत नाही.

घरोघरी पाहणी करायची तर अडचणी वेगळ्या. सकाळी अकराला सोसायटीत गेले की दार निवृत्त माणसे आणि गृहिणी उघडतात, नोकरदार सुटतात. सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत म्हणून वस्तीतली घरे जास्त भरतात. निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे घेऊ नये, वेगळ्या वेळी तीनदा जावे आणि तरीही न भेटल्यास ‘प्रतिसाद नाही’ असे लिहावे. ‘तुम्ही जात मानता का?’ असे विचारले की जवळजवळ सगळे ‘नाही’ म्हणतात. त्याऐवजी घरातली शेवटची पाच लग्ने कोणाशी झाली आणि नात्याबाहेरचे कोण शेवटचे जेवायला आले होते, हे विचारावे. उत्पन्नाचा आकडा लोक कमी सांगतात. खोल्या, संडास घरात की बाहेर, वाहन, यांवरून अंदाज अधिक बरा येतो.

राहिला नमुन्याचा आकार. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० जणांत टक्केवारीची चूक साधारण अधिक-उणे पाचच्या आत राहते. ती निम्मी करायची तर १,६०० लागतात. शहर तीस लाखांचे असो की तीन कोटींचे, याने फारसा फरक पडत नाही. निवडच चुकली तर मात्र संख्या वाचवत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे सांगितले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते दूरध्वनी आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तर पाठवले ते ज्यांना पाठवावेसे वाटले त्यांनी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या फॉर्मची आज नेमकी तीच गत असते.

म्हणून मागणी अशी. आपल्या दैनिकात कोणत्याही सर्वेक्षणाची बातमी येईल तेव्हा किती जणांना विचारले, ते कसे निवडले, किती जणांनी उत्तर दिले नाही, प्रश्नाचे शब्द नेमके काय होते आणि खर्च कोणी केला, हे एका चौकटीत छापावे. पाच ओळींहून जास्त जागा लागणार नाही. ज्या पाहणीकर्त्यांकडे ही माहिती नसेल, त्यांची बातमी थांबवावी.

आणखी एक. वर सांगितलेला जाहिरातींचा अभ्यास १९७५, २००० आणि आजचे वर्ष घेऊन केला तर ती पुण्याच्या विवाहव्यवहाराची पन्नास वर्षांची फेरपाहणी होईल. त्यासाठी जुन्या रविवारच्या अंकांची छत्तीस पाने लागतील, आणि ती आपल्याकडे असणार. विद्यार्थ्यांना ती आपल्या कार्यालयात बसून पाहता येतील का आणि कोणत्या वारी, हे कृपया कळवावे.

आपले,
समाजशास्त्राचे काही अध्यापक, पुणे